अंदाजपंचे पाव

मेव्हण्याने न्यू जर्सीतलं घर आवरताना त्याचं ब्रेड मशीन आम्हाला दिलं. म्हणजे टाकवत नव्हतं, म्हणून पुण्याला आणून दिलं. ते चालतं ११० व्होल्टवर आणि आपली वीज २३० ची, त्यामुळे आधी एक ट्रान्सफॉर्मर विकत आणावा लागला. तो यंत्राहून जड निघाला आणि सुरू केला की शेजारच्या खोलीत कुणी अथर्वशीर्ष पुटपुटतंय असा घुमतो.

"पीठ, पाणी, मीठ, यीस्ट. चारच तर जिन्नस!" मी म्हणालो. आमच्या साध्या आमटीलासुद्धा याहून जास्त लागतात.

मैदा वाईट, म्हणून पहिला पाव कणकेचा केला. साडेतीन तासांनी यंत्रातून पाटा बाहेर आला. वरवंटा तेवढा वेगळा आणायचा बाकी होता. मग वाचन सुरू केलं. मैदा मळला की त्यातल्या प्रथिनांचं चिवट जाळं होतं, तेच ते ग्लुटेन. यीस्टने सोडलेला वायू त्या जाळ्यात अडकतो आणि पाव फुगतो. कणकेतला कोंडा हेच जाळं कापत सुटतो. शिवाय चक्कीची कणीक पाणी जास्त पिते, आणि मी मोजलं होतं मैद्याचं. थोडक्यात, मी टाचण्या भरलेला फुगा फुगवत बसलो होतो.

मैदा आणला. यीस्ट संपलं होतं. वाणी म्हणाला, "बेकिंग पावडर न्या, काम एकच." काम एकच असेल, पण घाई निराळी. बेकिंग पावडर ओली झाली की लगेच कामाला लागते आणि आपलं यंत्र मळतं, थांबतं, परत मळतं. भाजायची वेळ आली तोवर पावडरीचा दम केव्हाच संपला होता. त्या दिवशी जे झालं, त्याला बायकोने नाव ठेवलं नाही. नाव सुचलंच नाही.

यीस्ट मिळालं, तर पाणी आडवं आलं. ते कोमट हवं. कोमट म्हणजे किती? "बोटाला सोसेल इतकं," आई म्हणाली आणि स्वतः बोट बुडवून तिने मंजुरीही दिली. आता, चाळीस वर्षं तव्यावरची भाकरी हाताने उलटणाऱ्या बाईच्या बोटाला काय सोसत नाही? यीस्ट हा जिवंत जीव, ६० अंशांच्या आसपास त्याचा कारभार आटोपतो. आमचं बहुधा पहिल्याच मिनिटाला गेलं.

मीठ मात्र चवीपुरतं, अशी माझी समजूत होती. एकदा घालायचंच राहिलं. पाव असा उधळला की झाकणाच्या काचेला डोकं टेकलं आणि भाजताना मधोमध खचला. मीठ यीस्टला लगाम घालतं आणि पिठाच्या जाळ्याला बळ देतं. ५०० ग्रॅम मैद्याला साधारण १० ग्रॅम पुरतं. पुढच्या खेपेला भरपाई म्हणून मी ते सढळ हाताने नेमकं यीस्टवरच ओतलं. यीस्ट रुसलं. तेव्हापासून तळाला पाणी, त्यावर मैद्याची गादी, मधल्या खळग्यात यीस्ट आणि मीठ पार कोपऱ्यात, अशी भांडलेल्या जावांसारखी मांडणी मी करतो.

बायकोने वजनकाटा आणला, कारण कपभर मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम आणि दाबून भरला तर १५०. "सोनं मोजताय का?" आईने विचारलं.

श्रावणातला रविवार होता. सगळं ग्रॅममध्ये मोजून घातलं आणि पेपर उघडला. यंत्र मळायला लागून दहा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात आईने सरळ झाकण उघडून आत बोट घातलं.

"सैल आहे. पावसाळ्यात पीठ दमट असतं रे."

मी "अगं, अगं" करेपर्यंत तिने दोन चमचे मैदा भुरभुरवला. भांड्याला चिकटून बसलेला गोळा सुटा झाला, गुळगुळीत झाला आणि पात्याभोवती गरगरू लागला. पुस्तिकेत बघितलं, तर तिथेही तेच लिहिलेलं: गोळा बघा, सैल वाटला तर चमचा-चमचा पीठ घाला. पान ११. मी १० पर्यंत वाचलं होतं.

पाव झाला. उंच, खरपूस, तळाला पात्याचं भोक. आईने एक काप चहात बुडवून खाल्ला.

"बरा आहे. पण खारी जास्त बरी बुडते." मग यंत्राकडे जरा वेळ बघून म्हणाली, "हे नुसतं मळून देतं का रे?"

देतं. त्याचं वेगळं बटण आहे. आता रोज सकाळी सहाला आमच्याकडे अथर्वशीर्ष सुरू होतं आणि वीस मिनिटांत पोळ्यांची कणीक तयार असते. पाण्याचा अंदाज आईचा. पाव लागला की मी पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत जातो.