‘ऑक्युपेशनल थेरपीला विमा नाहीच’ हा मेसेज पुढे पाठवू नका

डिचोलीपासून फोंड्यापर्यंत अनेक ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे जेवण-अंघोळीसारखी रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिली जाणारी थेरपी, हा व्यायाम आहे, उपचार नव्हे, त्यामुळे कुठलाच मेडिक्लेम तिचे पैसे देत नाही. जन्मजात अपंगत्व असलेल्या मुलांना तर विमाच नाही. गोव्यात राज्य सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं दीनदयाळ कार्ड पुरेसं आहे. आणि कंपनीने एकदा नाही म्हटलं की विषय संपला. हे वाचून लोक बिलं फेकून देतात, काही जण थेरपीच थांबवतात. म्हणून गप्प बसवत नाही.

आधी ‘व्यायाम’. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा उजवा हात लुळा पडला होता. थेरपिस्टबाईंनी चमच्याच्या दांड्याला जुनं फडकं गुंडाळून तो जाड केला आणि पेजेची वाटी पुढे ठेवली. बाराव्या दिवशी बाबांनी पहिला चमचा स्वतः तोंडापर्यंत नेला, अर्धी पेज शर्टावर सांडली तरी. हा उपचार आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने ऑक्युपेशनल थेरपिस्टना आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिलेली आहे.

आता मुख्य मुद्दा. बाबांचा क्लेम आधी नाकारला गेला, कारण दिलं ‘रिहॅबिलिटेशन (पुनर्वसन) वगळलेलं आहे’. कोणता खर्च मिळत नाही याच्या, विमा नियामकाने ठरवून दिलेल्या अपवादांत पाचव्या क्रमांकावर हा शब्द खरोखरच आहे, पण मथळ्यात. खालचा मजकूर वाचा: उपचारासाठी नव्हे, तर प्रामुख्याने सक्तीच्या विश्रांतीसाठी रुग्णाला दाखल केलं, तर तो खर्च मिळत नाही. अंघोळ घालणं, कपडे चढवणं यासाठी ठेवलेल्या माणसाचा खर्चही नाही. गफलत होते ती इथेच. दुसऱ्याने अंघोळ घालणं ही शुश्रूषा. रुग्णाने स्वतः अंघोळ करावी म्हणून त्याचा हात, तोल आणि लक्ष तयार करणं ही थेरपी. आम्ही नेमकं हेच लिहून पाठवलं आणि रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या साठ दिवसांतल्या बैठकांचे पैसे आले.

त्या साठ दिवसांनंतरचा खर्च मात्र आमच्या खिशातून गेला. बहुतेक पॉलिसींत ओपीडीचा खर्च धरलेलाच नसतो, तेवढ्यापुरता मेसेज बरोबर आहे. पण दाखल होण्याशी जोडलेला नंतरचा काळ पॉलिसीत असतो, ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित आरोग्य पॉलिसीत तो साठ दिवसांचा आहे. त्यासाठी डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी थेरपीचा सल्ला स्पष्ट लिहिलेला हवा. नुसती थेरपिस्टची चिठ्ठी पुरत नाही, कारण पॉलिसीच्या व्याख्येत वैद्यकीय खर्च म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेला खर्च. आणि बिलावर ऑक्युपेशनल थेरपीऐवजी नुसतं ‘ओटी’ लिहू देऊ नका. विमा कचेरीत ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर.

मुलांबद्दलचं विधान सर्वांत घातक आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, आणि नियमित थेरपीसाठी त्यात वेगळी रक्कम राखलेली आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मात्र हाताशी हवं. आमच्या वाड्यावरच्या एका आईला हे मूल नऊ वर्षांचं झाल्यावर कळलं. तोवरची बिलं तिने दागिने मोडून भरली होती. मला त्या मेसेजचा राग येतो तो यासाठी.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना चांगलीच आहे. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, मोठ्याला चार लाख. पण ती ठरलेल्या यादीतल्या उपचारांसाठी आहे. आठवड्याला दोनदा थेरपीला जाण्याचा खर्च तिच्यावर टाकता येत नाही.

राहिला ‘विषय संपला’. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीला क्लेम नाकारताना पॉलिसीतलं नेमकं कलम दाखवावं लागतं. ते दिलं नसेल तर लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार करा. महिनाभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. मुदत कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाची, म्हणून नकाराचं पत्र फाडू नका. त्यावरची तारीख लागते.