डोळ्यांनी बघितलंय आम्ही!

बेसबॉलमधला खेळाडू चांगला की वाईट हे ठरवायचं असेल, तर पहिलं पथ्य: शेजारी बसलेल्या भाच्याच्या हातात फोन राहू देऊ नका. मी हे पथ्य पाळलं नाही, आता भोगतोय. शनिवारची दुपार, न्यू जर्सीतल्या एडिसनचं आमचं बेसमेंट, टीव्हीवर न्यूयॉर्कचे यँकीज, मांडीवर मिसळीची कागदी प्लेट, आणि मी नुकतंच एका पोराबद्दल "हा काही खरा नाही" असं मत दिलेलं. चौदा वर्षांचा भाचा मान वर न करता म्हणाला, "मामा, या सीझनला तू याला किती वेळा खेळताना बघितलंस?" मी बोटं मोजली. चार. त्यातल्या एका सामन्यात सातव्या इनिंगला माझा डोळा लागला होता, पण ते त्याला कशाला सांगा.

असा प्रसंग तुमच्यावर येऊ नये, आकड्यांना न जुमानता नुसत्या डोळ्यांनी खेळाडू जोखता यावा, म्हणून हा खटाटोप.

सामन्यांचा हिशेब कुणाला मांडूच देऊ नका. एक संघ सीझनमध्ये १६२ सामने खेळतो, संघ ३०, म्हणजे एकूण २,४३० सामने. सामना अडीच तासांचा धरला तरी सहा हजारांवर तास झाले, आणि सीझनच्या सहा महिन्यांत मुळात तासच साडेचार हजार भरत नाहीत. झोप, नोकरी आणि संसार सोडून बसलात तरी सगळं बघून होणार नाही. यावर उत्तर तयार ठेवा: शितावरून भाताची परीक्षा. म्हण खरीच आहे. एका पातेल्यातला भात एकसारखा शिजतो. बॅटर मंगळवारी वेगळा शिजतो नि गुरुवारी वेगळा, पण तेवढ्यासाठी म्हण कोण बदलणार?

नजर मात्र तयार हवी. तीनशेचा बॅटर (म्हणजे बॅटिंग ॲव्हरेज .३००, हजार संधींत तीनशे हिट; हिट म्हणजे चेंडू मारून बेस गाठणं) मोठा माणूस, पावणेतीनशेचा म्हणजे बरा. सहाशे वेळा बॅट घेऊन उभं राहिल्यावर पहिल्याचे १८० हिट होतात, दुसऱ्याचे १६५. फरक पंधरा हिटचा, तोही सव्वीस आठवड्यांत. म्हणजे साधारण बारा दिवसांत एक. हा बारा दिवसांतला एक हिट नुसत्या नजरेनं टिपता आला पाहिजे. नाही जमलं तर बॅटरची चाल बघा. तीनशेवाला चालतोच वेगळा. (कोण तीनशेवाला ते आधी बघून ठेवा, म्हणजे चाल ओळखायला सोपं जातं.)

इथे एक बारीक मुद्दा. आपण आकड्यांच्या विरोधात आहोत म्हणजे नव्या आकड्यांच्या. बॅटिंग ॲव्हरेज, होमरन, पिचरच्या (म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या) नावावरचे विजय हे आकडे नव्हेत, ते संस्कार आहेत. हे संस्कार आले कुठून? हेन्री चॅडविक नावाचा, इंग्लंडात जन्मलेला न्यूयॉर्कचा वार्ताहर. आधी क्रिकेटच्या बातम्या द्यायचा, मग बेसबॉलकडे वळला. एकोणिसाव्या शतकात त्यानं बेसबॉलचे तक्ते आखले ते क्रिकेटच्याच वहीवरून. बाहेरचे चार चेंडू सोडून बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो, त्याला वॉक म्हणतात. चॅडविकच्या लेखी ती पिचरची चूक, बॅटरचं त्यात कर्तृत्व काय? आपल्याकडे वाइडची धाव बॅट्समनच्या खात्यात जात नाही, तसंच. १८८७ मध्ये एक वर्ष वॉकला हिट मानून बघितलं आणि लगेच सोडून दिलं. मग पुढची शंभरेक वर्षं, चेंडू सोडायचा संयम असलेला बॅटर लोकांना दिसत होता, वहीत मात्र दिसत नव्हता. तेव्हा कुणी तुम्हाला "ऑन-बेस पर्सेंटेज" (हिट असो की वॉक, बॅटर कितीदा बेसवर पोचतो तो आकडा) वगैरे ऐकवू लागला तर "खेळ बघ रे जरा" म्हणा आणि लगेच बॅटिंग ॲव्हरेज सांगा.

हे किती सफाईनं करता येतं ते २०१२ साली एमव्हीपीच्या, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या निवडीत दिसलं. मिगेल कॅब्रेरा एका बाजूला: ॲव्हरेज .३३०, होमरन ४४, आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे आलेल्या धावा) १३९, तिन्हींत लीगमध्ये पहिला. अशी ट्रिपल क्राउन १९६७ नंतर कुणाला मिळाली नव्हती. दुसऱ्या बाजूला माइक ट्राउट, वय वर्षं वीस-एकवीस, ४९ बेस चोरलेले, बाल्टिमोरला भिंतीवर चढून होमरन परत खेचून आणलेला. आकडेवाले ओरडत होते की धावणं बघा, फिल्डिंग बघा. खेळ बघणारे म्हणाले, छे, हे तीन आकडे बघा. पहिल्या पसंतीची २८ पैकी २२ मतं कॅब्रेराला पडली. डोळ्यांचा विजय झाला.

पण या शास्त्रातलं आमचं दैवत म्हणजे यँकीजचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या नि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) डेरेक जीटर. मीही भक्तच, लपवत नाही. १३ ऑक्टोबर २००१, कॅलिफोर्नियातलं ओकलंड. उजवीकडून आलेला थ्रो दोन माणसांच्या डोक्यावरून गेला, आणि शॉर्टस्टॉपचं जिथे काहीच काम नाही तिथे धावत येऊन जीटरनं तो चेंडू आडव्या हातानं होम प्लेटकडे टोलवला. होम प्लेटकडे धावत येणारा जेरेमी जियांबी घसरला नाही, आउट झाला, यँकीज १-० नं जिंकले. मग १ जुलै २००४, रेड सॉक्सविरुद्ध बारावी इनिंग: चेंडू झेलला आणि त्याच वेगात जीटर प्रेक्षकांच्या खुर्च्यांत जाऊन आदळला. वर आला तेव्हा हनुवटीवर रक्त. असं रक्त बघितल्यावर कोणता आकडा टिकतो?

आकडेवाले म्हणजे खडूस माणसं. त्यांनी प्रत्येक चेंडू कुठे गेला याची नोंद ठेवली आणि सांगितलं, दुसऱ्या बेसच्या बाजूला जाणारे जे चेंडू इतर शॉर्टस्टॉप अडवतात, त्यातले बरेच जीटरच्या शेजारून निघून जातात. आता हे काय बोलणं झालं? जो चेंडू अडवला नाही तो दिसतो कुठे? तो हिट दिसतो, पिचरचं दुर्दैव दिसतं. उलट आधीच ओळखून दोन पावलं सरकलेला शॉर्टस्टॉप चेंडूसमोर नुसता उभा असतो, भाजीच्या रांगेत उभा राहावा तसा. त्यात बघण्यासारखं काय आहे? उशिरा निघतो त्यालाच उडी मारावी लागते, त्याचीच पँट मळते, आणि कौतुक मळलेल्या पँटचंच होतं. उत्कृष्ट फिल्डिंगचं गोल्ड ग्लव्ह जीटरला पाच वेळा मिळालं, तेही रोज मैदानात बसणाऱ्या मॅनेजर आणि कोचेसच्या मतांनी. २०१३ पासून त्या निवडीत आकडेसुद्धा धरू लागले. असो.

वादात हुकमाचा एक्का लागतोच. तो २७ ऑक्टोबर २०२० चा. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम लढतीचा, सहावा सामना, टँपा बे रेजचा पिचर ब्लेक स्नेल डॉजर्सना नाचवतोय, नऊ जणांना स्ट्राइकआउट केलंय, ७३ चेंडूंत फक्त दोन हिट, संघ १-० नं पुढे. आणि मॅनेजर केव्हिन कॅश येऊन त्याला बसवतो. का? बॅटिंगचा क्रम तिसऱ्यांदा फिरला की बॅटर पिचरला ओळखू लागतात, असं कागद सांगतो. पुढच्याच बॅटरनं, मूकी बेट्सनं, डबल (दोन बेसचा हिट) मारला; सामनाही गेला, सिरीजही गेली. हा किस्सा वर्षातून निदान सहादा सांगा. रेज हा सगळ्यात कमी खर्चाच्या संघांपैकी एक, याच कागदांवर भरवसा ठेवून त्या वर्षी ६० पैकी ४० सामने जिंकून तिथवर पोचला होता, हे मात्र घाईत राहून जाऊ द्या.

अंगकाठी बघायला विसरू नका. होसे अल्टुवे व्हेनेझुएलात ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोज संघाच्या चाचणीला आला, तेव्हा त्याची उंची बघून त्याला घरी पाठवलं. निर्णय योग्यच होता. घोटाळा झाला तो पोरगा दुसऱ्या दिवशी परत आला म्हणून. पुढे त्यानं तीन बॅटिंग टायटल आणि २०१७ चं एमव्हीपी मिळवलं, पण साडेपाच फूट ते साडेपाच फूटच.

तर त्या शनिवारी. आठवी इनिंग, पाहुण्या संघाच्या शॉर्टस्टॉपनं मधल्या चेंडूवर अशी झेप घेतली की मिसळीचा रस्सा माझ्या शर्टावर आला. चेंडू बोटभर लांबून गेला. "काय पोरगा आहे!" मी म्हणालो, बेसमेंटमधले चारही काका म्हणाले, बहिणीनंसुद्धा जिन्यातून "काय झालं?" विचारलं. भाचा फक्त म्हणाला, "मामा, रिप्ले बघ. वरच्या कॅमेऱ्यातून लावलाय. हा हललाच उशिरा."

रिप्ले लागला की उठावं. कुणाला तर्री हवी का, पाव संपलेत का, ताक वर राहिलंय का, असं विचारत जिना चढावा, आणि टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत फ्रिजचं दार उघडं ठेवून उभं राहावं.