“फायबरला बोल्ट मारू नका”: त्या मेसेजला एका फायबरवाल्याचं उत्तर

आमच्या फॅब्रिकेशनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गेले काही महिने एक मेसेज फिरतोय. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मला तो चार जणांनी दाखवला. त्यातल्या दोघांनी तर कोटेशन मागतानाच पुढे केला, म्हणजे आधी हे वाच आणि मग बोल. मेसेज थोडक्यात असा:

“फायबरला बोल्ट मारणे हा अडाणीपणा आहे. १) भोक पाडले की धागे तुटतात, ताकद संपली. २) आजची विमाने नुसत्या गोंदावर उडतात, त्यात एकही बोल्ट नाही. ३) गोंद लावायला कारागीर लागत नाही, थिनरने पुसा आणि चिकटवा. ४) तरीही मन धजत नसेल तर गोंद आणि बोल्ट दोन्ही वापरा, ताकद दुप्पट. पुढे पाठवा.”

मी डाय हाऊसना, म्हणजे सूत-कापड रंगवणाऱ्या कारखान्यांना, फायबरच्या टाक्या, वाफ बाहेर नेणारे डक्ट आणि झाकणं बनवून देतो. मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई, आणि तिला घट्ट धरणारं रेझिन यावरच माझं पोट आहे, त्यामुळे गोंदाशी माझं वाकडं असण्याचं कारण नाही. पण या मेसेजपायी गेल्या मे महिन्यात एका माणसाचं डोकं फुटता फुटता राहिलं, आणि त्यात चूक माझीही होती. ती तिसऱ्या मुद्द्यात येईलच.

“भोक पाडले की ताकद संपली”

कमी होते, हे खरं. भोकाच्या कडेला ताण वाढतो हे किर्श नावाच्या जर्मन इंजिनियरनं १८९८ मध्येच गणितानं दाखवलंय. साध्या पत्र्यात गोल भोकाच्या कडेला तो तिप्पट होतो, आणि सगळे धागे एकाच दिशेनं घातलेल्या कार्बनच्या पट्टीत सहा-सातपटीपर्यंत जाऊ शकतो. शिवाय लोखंड भोकापाशी जरा नमतं घेतं आणि भार शेजारच्या बोल्टकडे सरकवतं. फायबरला नमतं घेणं माहीत नाही. म्हणून बोल्टचा जोड चांगला केला तरी मूळ फायबरच्या निम्म्या ताकदीच्या आसपासच राहतो.

हे धरूनच डिझाइन करायचं असतं. भोकाचा मध्य कडेपासून बोल्टच्या निदान तिप्पट व्यासावर हवा, म्हणजे १० मिमीच्या बोल्टला ३० मिमी. दोन बोल्टांत चार-पाच व्यास अंतर हवं. भोकाच्या जागी मॅटचे जादा थर देऊन जाडी वाढवायची, वायसर मोठा घ्यायचा, ड्रिल मारताना मागे लाकडाची फळी दाबून धरायची, नाहीतर बिट बाहेर पडताना मागचा थर उचकटतो. आणि बोल्ट आवळायची इम्पॅक्ट गन कपाटात ठेवायची. आपल्याकडे काय होतं? कडेपासून १२ मिमीवर भोक, बिट बोथट, वायसर नाही, आणि पोरगा करकचून आवळतो. मग कड फाटते आणि सगळे म्हणतात, फायबरला बोल्ट चालत नाही.

मेसेज लिहिणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक नसावी. अंतरं नीट ठेवली तर बोल्टचा जोड सांगून मरतो: भोक हळूहळू लांबट होतं, जोड खडखडायला लागतो. हे बघायला लांब जायला नको, सोलापुरातल्या कुठल्याही टॉवेल कारखान्यात रेपिअर लूमपाशी उभे राहा. आडवा धागा ओढून नेणारी ती काळी लवचिक टेप कंपोझिटचीच, म्हणजे धागे आणि रेझिनचीच असते. बऱ्याच मशीनवर तिला ओळीनं भोकं असतात, दात्यांचं चाक त्या भोकांत दाते घालून तिला मिनिटाला दोनशे-तीनशे वेळा आतबाहेर पळवतं, आणि टोकाचा ग्रिपर स्क्रूनं किंवा रिव्हेटनं बसवलेला असतो. जॉबर, म्हणजे लूमचा मिस्त्री, टेप हातात घेतो, भोकांवरून अंगठा फिरवतो आणि बदलायला झाली का ते सांगतो. गोंदाच्या जोडावरून अंगठा फिरवून असं काही सांगता येत नाही.

“विमाने नुसत्या गोंदावर उडतात”

हे साफ खोटं. बोइंग ७८७ वजनानं जवळजवळ निम्मं कंपोझिट आहे. त्याच्या धडाचे मोठे भाग अखंड नळकांड्यासारखे बनतात, त्यामुळे हजारो रिव्हेट वाचले. अफवा बहुधा इथूनच निघाली असावी. पण ती नळकांडी एकमेकांना, आणि पंख धडाला, जोडले जातात ते फास्टनरनंच, म्हणजे बोल्ट-रिव्हेटनंच. पहिलं ७८७ लोकांपुढे आणलं ८ जुलै २००७ ला, तेव्हा त्यात तात्पुरते फास्टनर ठोकलेले होते, कारण बाजारात खऱ्या फास्टनरचा तुटवडा होता. पुढे उड्डाण लांबलं, त्याच्या कारणांत हाही तुटवडा होता. ज्या विमानात म्हणे एकही बोल्ट नाही, ते बोल्ट मिळेनात म्हणून रखडलं!

बरं, ते फास्टनर बरेचसे टायटॅनियमचे असतात, कारण वीज वाहणारा कार्बन आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आपल्या काचेच्या फायबरला ही भीती नाही, काच वीज वाहत नाही. ज्यांनी आता कार्बनची कामं घ्यायला सुरुवात केलीय त्यांनी मात्र ॲल्युमिनियमचा रिव्हेट मारण्याआधी विचार करावा.

गोंदावर विसंबायचं तर विमानवाले अटी घालतात. जो जोड सुटला तर विमानच जाईल, तिथे अमेरिकेच्या विमान खात्याच्या मार्गदर्शनात तीन वाटा आहेत. जोड काही भागात सुटला तरी बाकीची रचना ठरलेला भार पेलते आणि सुटणं पुढे पसरत नाही, हे दाखवा. नाहीतर बनवलेला प्रत्येक नग भार देऊन तपासा. नाहीतर जोड न तोडता त्याची ताकद खात्रीनं मोजणारी तपासणी आणा. तिसरी वाट अजून कागदावरच आहे. अल्ट्रासाउंडला पोकळी दिसते, पण चिकटल्यासारखा दिसतो आणि धरलेला मात्र नाही, असा गोंद त्याला ओळखता येत नाही.

पुणे हायवेवर ट्रेलरवरून पवनचक्कीचं पातं जाताना बघितलं असेल. त्याची दोन टरफलं कडेनं गोंदानंच चिकटवलेली असतात, आणि बुंध्याला जाडजूड बोल्टांची कडी असते. लांब कडेवर भार पसरतो, तिथे गोंद. उतरवायचं-चढवायचं आणि सगळा भार एका जागी येतो, तिथे बोल्ट.

“थिनरने पुसा आणि चिकटवा”

जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची जत्रा झाल्यावर एका डाय हाऊसचं काम आलं. गच्चीवरून जाणाऱ्या फायबरच्या डक्टच्या कुशीला लोखंडी अँगलचा ब्रॅकेट बसवायचा, त्यावर पाण्याची पाइप टेकवायची. मी बोल्ट सांगितले. मालकांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांनी मोबाइल पुढे धरला. वर त्यांचं म्हणणं, भोकातून आतली वाफ आणि वास बाहेर येईल. तेवढं खरं होतं. मीही वाद घातला नाही, महिनाअखेर होती. दोन ट्यूबांचा इपॉक्सी आणून चिकटवलं.

मे महिन्यात एका दुपारी तीनच्या सुमारास ब्रॅकेट पाइपेसकट खाली आला. खाली टॉवेलच्या गाठी बांधणारा माणूस हातभर अंतरावर होता.

मी तो अँगल घरी आणला आणि उन्हात धरून बघितला. गोंद पूर्णच्या पूर्ण अँगलवर होता. त्याच्या तोंडावर आम्ही डक्टवर मारलेल्या पॉलिश पेपरच्या रेघा जशाच्या तशा उठल्या होत्या, आणि फायबरचा एक धागा चिकटलेला नव्हता. म्हणजे घासणं झालं होतं, गोंदही सेट झाला होता, पण तो डक्टला धरलाच नव्हता. जोड चांगला असता तर गोंदाबरोबर मॅटचे तुकडे उचकटून आले असते.

पोराला विचारलं, शेवटी कशानं पुसलंस? त्यानं कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट दाखवलं. सोलापुरात वर्कशॉपला चिंध्या विकत घ्याव्या लागत नाहीत, टॉवेलची कतरण पोत्यानं मिळते. मऊ, पाणी पिणारी, झकास. पण टॉवेल मऊ लागतो तो बऱ्याचदा फिनिशिंगमधल्या सिलिकॉन सॉफ्टनरमुळे, आणि गोंदाला सिलिकॉन म्हणजे विष. ओल्या थिनरनं ते चिंधीतून निघतं आणि आपण ते निगुतीनं सगळीकडे पसरवतो. खात्री करायला मी फायबरचे दोन तुकडे घासले. एक कतरणीनं पुसला, एक साध्या न रंगवलेल्या, फिनिश न केलेल्या सुती कापडानं. दोन्हींवर पाणी शिंपडलं. साध्या कापडानं पुसलेल्यावर पाण्याचा पापुद्रा सलग पसरला, कतरणीनं पुसलेल्यावर थेंब मोत्यांसारखे गोळा झाले. ही चाचणी फुकट आहे, अर्ध्या मिनिटाची आहे, आणि मी ती जानेवारीत केली नव्हती.

नग साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या वॅक्सचंही असंच. न पुसता आधी घासलं तर वॅक्स रेघांच्या आत दाबलं जातं. आधी पुसायचं, मग घासायचं, मग परत पुसायचं. थिनर उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडानं टिपायचं, नाहीतर मळ जागच्या जागी परत बसतो.

आणखी दोन गोष्टी मी दुर्लक्षिल्या. एक, ऊन. साध्या तापमानाला सेट होणारे बरेच इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतात. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४२-४३ असते. त्या आठवड्यात टेम्परेचर गन लावली तेव्हा डक्टचा काळपट पृष्ठभाग ६४ दाखवत होता. दोन, भाराची दिशा. फायबर म्हणजे चादरींची चळत समजा. प्रत्येक चादर ताण्याबाण्यात दणकट, ओढून फाटणार नाही. पण वरची चादर कोपऱ्याला धरून उचलली तर तिला कोण अडवणार? थरांना एकमेकांशी धरणारा धागाच नाही, आहे ते नुसतं रेझिन. गोंदाचंही तेच: सपाट सरकवणारा भार तो छान घेतो, पण कड सोलणारा भार आला की सगळा ताण एका रेघेवर येतो. माझा ब्रॅकेट लटकत होता, म्हणजे वरची कड दिवसरात्र सोलली जात होती.

“दोन्ही वापरा, ताकद दुप्पट”

हा मुद्दा सगळ्यात शहाणा वाटतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. बोल्ट १० चा, भोक साडेदहाचं. बोल्टला भार यायला जोड निदान पाव मिलिमीटर सरकायला हवा. कडक इपॉक्सीचा पातळ थर तेवढं सरकायच्या आधीच तुटतो. जुवाला दोन बैल जुंपले आणि एकाची दोरी वीतभर सैल ठेवली, तर गाडी ओढतो एकच. डग्लस विमान कंपनीतल्या हार्ट-स्मिथ यांनी १९८५ मध्ये हिशेब मांडला, त्यातही हेच निघालं: जोड शाबूत असेपर्यंत जवळजवळ सगळा भार गोंदच घेतो. पॉलियुरेथेनसारखा लवचिक गोंद आणि घट्ट बसणारा बोल्ट असेल तर थोडी वाटणी होते, तीही दुप्पट नाही.

आणि गोंद गेल्यावर काय? २८ एप्रिल १९८८ ला अमेरिकेच्या हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छत हवेत उडालं, एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. ते विमान ॲल्युमिनियमचं होतं, पण त्याच्या पत्र्यांच्या जोडात गोंदही होता आणि रिव्हेटही. ओलाव्यानं गोंद सुटला, भार रिव्हेटांवर आला, आणि त्यांची भोकं तो भार रोज झेलायला केलेलीच नव्हती. तिथून चिरा गेल्या. दोन्ही असूनही हे झालं. बोल्ट आधाराला ठेवायचा असेल तर सगळा भार एकटा घेईल असाच मोजून ठेवावा. कड सोलू नये म्हणून टोकाला एखादा बोल्ट मारणं किंवा गोंद सेट होईपर्यंत दाबून धरायला वापरणं, हे उपयोग चांगले आहेत.

अण्णांचा ब्रॅकेट जूनमध्ये परत बसवला. डक्टच्या आतून मॅटचे चार थर जादा दिले, मागे मोठी पट्टी घेतली, १० मिमीचे स्टेनलेसचे चार बोल्ट, कडा मोजून, हातपान्यानं आवळलेले. भोकांत आणि अँगलखाली पॉलियुरेथेनचा सीलंट भरला. अण्णा वर येऊन बघून गेले. म्हणाले, “म्हणजे शेवटी दोन्ही घातलंसच की. आता डबल झालं ना?”

“नाही अण्णा. पाइप बोल्टवर आहे. गोंद फक्त वास अडवायला.”