खुलासा : व्हीआर चष्म्याने स्मृतिभ्रंश बरा होत नाही

'रोज अर्धा तास व्हीआर चष्मा लावा, विसरभोळेपणा जाईल, गोळ्या बंद करा,' असा मेसेज सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे. व्हीआर चष्मा म्हणजे डोळ्यांवर बांधायचा पडदा; आपण त्या दृश्यातच आहोत असं वाटतं. आजवरचे अभ्यास बहुतेक लहान गटांवरचे आहेत. त्यांत काहींची मनःस्थिती सुधारली, जुन्या आठवणींवर गप्पा रंगल्या. आजार बरा झाला नाही. डोनेपेझिलसारखी स्मृतिभ्रंशावरची गोळी मनाने बंद केली तर स्मृती आणि वागणं आणखी बिघडू शकतं.

करमणूक म्हणून दाखवायचंच असेल तर रुग्णाला हात असलेल्या, न फिरणाऱ्या खुर्चीत बसवा. पहिल्यांदा पाचच मिनिटं. कॅमेरा एका जागी ठेवून घेतलेलं दृश्य निवडा : कृष्णेचा घाट, कासचं पठार. कॅमेरा चालता असला की डोळ्यांना हालचाल दिसते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला जाणवत नाही. मळमळ होते ती त्यामुळे. चष्मा साधारण अर्धा किलोचा, मान दुखते. फिट येत असेल, भास होत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. रुग्ण घाबरला तर समजावत बसू नका, आधी चष्मा काढा. उतरवल्यावर लगेच उभं करू नका. पडण्याचा धोका तेव्हाच.

तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.