तेरा मिनिटं एकोणचाळीस सेकंद

आमच्या घरात सलग १३ मिनिटं ३९ सेकंद कुणी कुणाला हाक मारली नाही, असा प्रसंग माझ्या लग्नानंतर आलेला नाही. हे मी छातीठोकपणे सांगतोय, कारण मी मोजत आलोय.

मॅस्टोडॉन हा अमेरिकेतल्या अटलांटाचा हेवी मेटल बँड. २००४ साली त्यांचा ‘लेव्हायथन’ हा अल्बम आला आणि तिकडून येणाऱ्या मामेभावाला मी त्याची सीडी आणायला सांगितली. (बाकी नातेवाइकांनी बदाम सांगितले होते. ते बदाम केव्हाच संपले, आमचा ताप अजून चालू आहे, असं बायको म्हणते.) मेल्व्हिलच्या १८५१ सालच्या ‘मोबी डिक’ कादंबरीवर बेतलेला अल्बम. पांढरा देवमासा, त्यानं ज्याचा पाय तोडला तो कॅप्टन एहॅब, आणि त्या माशापायी पिसाटलेलं त्याचं डोकं. शेवटून दुसरं गाणं ‘हार्ट्स अलाइव्ह’. लांबी वर दिलीच आहे. ते मी एका बैठकीत कधीही पुरं ऐकलेलं नाही. तुकड्यातुकड्यानं ऐकलंय, पण ते म्हणजे पुरण सोमवारी खाऊन पोळी गुरुवारी खाल्ल्यासारखं.

कादंबरीत शेवटचा पाठलाग तीन दिवस चालतो. मीही गेल्या महिन्यात तीनच प्रयत्न करायचे ठरवले.

पहिला रविवारी सकाळी, राजरोस स्पीकरवर. दुसऱ्या मिनिटाला आई बाहेर आली.

“मिक्सरमध्ये काही अडकलंय का रे?”

“गाणं आहे, आई.”

“कसलं?”

“स्लज मेटल.”

“स्लज म्हणजे?”

“गाळ.”

“गाळ उपसायचा असतो रे. ऐकतात कशाला?”

मग मी गाणं चालू ठेवूनच समजावायला बसलो, तीच चूक. ब्लॅक सॅबथ या जुन्या मेटल बँडची जड, संथ गिटार घ्यायची, त्यात हार्डकोर पंक या आरडाओरडीच्या रॉकचा संताप कालवायचा, की झाला स्लज. अमेरिकेत मेल्व्हिन्स या बँडनं तो सुरू केला, न्यू ऑर्लिन्सच्या आयहेटगॉड, क्रोबार वगैरे बँडमंडळींनी त्याला आणखी चिखल लावला. मॅस्टोडॉननं त्यात थ्रॅश मेटलचा वेग आणि प्रोग्रेसिव्ह रॉकची वळणं घातली, याच अल्बममधल्या ‘मेगॅलोडॉन’ गाण्यात तर मध्येच चक्क कंट्रीच्या, म्हणजे अमेरिकी गावाकडच्या गाण्यांच्या ढंगाची गिटार येते.

“म्हणजे भाजणी,” आई म्हणाली. “पण धान्यं वेगवेगळी भाजावी लागतात. एकदम कढईत घातली की एक कच्चं राहतं, एक करपतं.”

“यांची नीट भाजलीत.”

आई भजनी मंडळात झांजा वाजवते, त्यामुळे तिनं निकाल देण्याआधी कान दिला. ड्रमवर ब्रॅन डेलर होता. “हा वाजवणारा घडीभर स्वस्थ बसत नाही,” ती म्हणाली, “पण तयारीचा आहे. बाकीचे का ओरडतायत त्याच्यावर?”

मला भरतं आलं. मी म्हटलं, यांचा पहिला अल्बम अग्नीवर, हा पाण्यावर, तिसरा पृथ्वीवर, चौथा आकाशतत्त्वावर.

“आणि वायू?”

मी निरुत्तर. तोवर ‘हार्ट्स अलाइव्ह’ संपून ‘जोसेफ मेरिक’ सुरू झालं होतं. हे अल्बमच्या शेवटी येतं, त्यात शब्द नाहीत आणि गिटार शांत आहे. आई म्हणाली, “हे बरंय. आधीच लावायचं ना हे!”

दुसरा प्रयत्न पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून. सहा मिनिटं झाली. जन्मात पहिल्यांदा मी सातव्या मिनिटात बिनहाकेचा प्रवेश करत होतो आणि काचेवर टकटक झाली. खालच्या मजल्यावरचे काका.

“बेल्ट गेलाय तुमचा. वरपर्यंत आवाज येतोय. बॉनेट उघडा.”

मी म्हटलं, इंजिन बंद आहे. ते म्हणाले, बंद असून हा आवाज येतोय म्हणजे प्रकरण गंभीर आहे. शेवटी बॉनेट उघडलं. काका वीस मिनिटं बॅटरीकडे संशयानं बघत होते.

तिसरा प्रयत्न रात्री साडेअकराला. घर झोपलेलं. जुन्या सीडी प्लेअरला हेडफोनची लांब वायर जोडली, आवाज पुरता वर नेला आणि झोपाळ्यावर डोळे मिटून बसलो. पाच मिनिटं. आठ. दहा. नळाला पाणी येण्याची वेळ नव्हती, कुकर गॅसवर नव्हता. बाराव्या मिनिटात मात्र सुखाच्या भरात मी झोपाळ्याला जरा जोरात पाय दिला.

कादंबरीत एहॅब कसा मरतो, तर त्यानंच फेकलेल्या भाल्याचा दोर त्याच्या मानेला फास बसून त्याला समुद्रात ओढतो. माझी वायर झोपाळ्याच्या कडीत गुंतली, तिथून मानेभोवती आली, आणि झोपाळा मागे जाताना पिन प्लेअरमधून निसटली. मोबाइल असता तर शहाण्यासारखा गप्प झाला असता. जुना सीडी प्लेअर इमानी. हेडफोन गेला म्हटल्यावर त्यानं सगळी जबाबदारी स्पीकरवर घेतली.

समोरच्या इमारतीत दिवे लागले. खालून काकांचा खाकरण्याचा आवाज आला. मी मानेला वायर तशीच ठेवून धावलो आणि बटण दाबलं.

“झालं का रे पुरं?” आतून आईचा आवाज.

“नाही.”

“किती राहिलं होतं?”

“दीड मिनिट.”

जरा वेळ शांतता. मग आई म्हणाली, “लाव मग. उठलेच आहेत सगळे.”