आईबाबांना दक्षिणेत नेताय? तंजावरला मुक्काम करा

वयस्क आईवडिलांना दक्षिणेत न्यायचं म्हटलं की आपल्याकडे बेत ठरलेला असतो. आठवड्याभरात मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी, आणि वाटेत येईल ते प्रत्येक देऊळ. पहाटे गाडीत बसायचं, रात्री नव्या हॉटेलात बॅगा उघडायच्या. पंचाहत्तरीच्या माणसाला यात दर्शन घडतं, पण बघणं होत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे, एकच गाव निवडा आणि तिथे राहा. मराठी घरातल्या माणसांसाठी ते गाव तंजावर असावं.

चोळ राजा राजराजाचं बृहदीश्वर मंदिर १०१० च्या सुमारास पूर्ण झालं. दोनशे फुटांच्या आसपास उंचीचं त्याचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, आम्ही सकाळी सातला पाहिलं, दगड गार असताना. बाबांना गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, म्हणून आम्ही ओवऱ्यांच्या सावलीनेच निघालो. नैऋत्येकडच्या भिंतीशी ते थांबले आणि मोठ्याने वाचायला लागले. भिंतीवर मराठी होतं, देवनागरीत! भोसले घराण्याचा इतिहास सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ मध्ये तिथे कोरून घेतला. १६७६ मध्ये व्यंकोजीराजे, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, तंजावरच्या गादीवर बसले, तेव्हापासून १८५५ पर्यंत हे मराठ्यांचं राज्य होतं. बाबांना हे ठाऊक होतं. पण एकेक ओळ बोटाने दाखवत, अडलं की मागे जाऊन पुन्हा लावत ते वाचत राहिले. बराच वेळ गेला. घाई करणारं कुणी नव्हतं, म्हणूनच हे झालं. मंदिराच्या भिंतींवर राजराजाचे तमिळ लेख आहेत. मंदिराच्या सेवेसाठी आणलेल्या चारशे नर्तकींची नावं आणि घरं त्यात नोंदलेली आहेत. हे सांगितल्यावर आई म्हणाली, "बायकांची नावं लिहिलीत, हे फार बरं केलं."

राजवाड्यातल्या कलादालनात तिरुवेंकाडू गावची वृषवाहन शिवाची कांस्यमूर्ती आहे, १०११ ची. शिव नंदीवर हात टेकून उभा आहे, पण नंदी आता नाही. जटा डोक्याभोवती फेट्यासारख्या गुंडाळलेल्या. आईने माझ्याआधी ओळखलं, "हात कशावर तरी टेकलाय बघ." चोळ कांस्यावरचं बरंच लेखन मी वाचलं आहे, पण त्या हाताच्या निवांतपणाकडे माझं लक्ष तिने नेलं. म्हाताऱ्या माणसांना संग्रहालयात कंटाळा येतो, हा समज मला मुळीच मान्य नाही. त्यांना कंटाळा उभं राहण्याचा येतो.

आणि याबद्दल मला खरोखर राग आहे. त्याच प्रवासात एका संग्रहालयात दालनामागून दालन गेलं, एक खुर्ची दिसली नाही. बाबा पायरीवर टेकले तर पहारेकऱ्याने उठवलं. दर दालनात एक बाक, उंबऱ्यांवर उतार, तापलेल्या फरशीवर काथ्याची पट्टी, यासाठी फार मोठा निधी लागत नाही. ज्येष्ठ पर्यटकांची आठवण तिकिटाच्या सवलतीपुरतीच ठेवू नका, त्यांना बसायला जागा द्या.

जाणाऱ्यांसाठी थोडं. देवळं बहुतेक दुपारी बाराच्या पुढे बंद होतात आणि चारला उघडतात, तेव्हा तो वेळ जेवण आणि झोपेचा समजा. सरस्वती महाल ग्रंथालयाचं छोटं दालन त्यानंतर बघा. देवळातल्या तापलेल्या फरशीसाठी जाड सुती मोजे बरोबर ठेवा. तिरुचिरापल्लीच्या रॉकफोर्टला चारशेवर पायऱ्या आहेत, तो सोडा. त्याऐवजी कुंभकोणमजवळ दारासुरमला जा. तिथलं बाराव्या शतकातलं ऐरावतेश्वर मंदिर लहान आहे आणि खांबांवरचं बारीक कोरीवकाम मान वर न करता दिसतं. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि पोंगलला गर्दी होते, म्हणून जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी धरा. कन्याकुमारी राहिली म्हणून नातेवाईक हळहळतील, हळहळू द्या.