मधली सात वर्षं
एका लेखात वाचलं, की अमेरिकेत अपंगत्वाचा लाभ ठरवताना ५५ च्या पुढच्या कामगाराचं वय आणि आधीचं कामही बघतात. आमच्याकडं नुसती टक्केवारी. माझी आई सोलापुरात चाळीस वर्षं विड्या वळत आली. आता बोटं मिटत नाहीत, पान कापताना कात्री हातातून सुटते. अपंगत्वाच्या दाखल्यावर ३५ टक्के आले, संजय गांधी निराधार योजनेच्या मदतीला अपंग म्हणून ४० लागतात. डॉक्टरांनी नियमानंच आकडा लिहिला, त्यांचा दोष नाही. पण ५८ व्या वर्षी ती दुसरं कुठलं काम शिकणार? श्रावणबाळ या म्हाताऱ्यांच्या पेन्शन योजनेला वय ६५ लागतं. तोवर तिनं काय करायचं? वय आणि काम आपल्याकडंही धरलंच पाहिजे.